जमादारांची जीभ

दारूबंदी आली आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या जमादारांच्या जिभेला सरकारी काम लागलं. हातभट्ट्या पकडत ते गावोगाव हिंडायचे आणि पंच म्हणून मला न्यायचे, कारण मी चहासुद्धा पीत नसे. मडक्यात दारू आहे की पाणी, हे चाखल्याशिवाय कायद्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शिरोळकडे उसाच्या फडात एक भट्टी सापडली. जमादारांनी ओंजळीतून घोट घेतला, डोळे मिटले आणि पुन्हा ओंजळ पुढं केली. मग मिशा पुसत मला म्हणाले, "मास्तर, लिवा. पाणीच हाय की."

पन्हाळ्याच्या पायथ्याला एका म्हातारीच्या भट्टीवर मात्र त्यांनी घोट घेतला आणि पचकन थुंकून टाकला. "मावशे, नवसागर किती घातलास गं? ही दारू हाय व्हय?" असं ओरडून त्यांनी शिपायांना मडकी फोडायला सांगितली.

म्हातारीनं त्यांचे पाय धरले. मला वाटलं, आता 'सोडा' म्हणणार.

"फोडा की सायेब, जेलात बी घाला," ती म्हणाली. "पर तुमी थुकलासा, ह्ये तेवढं गावात सांगू नगा."