घरात ‘अहो’ पुरतं

बाबा गेल्यावर आई रोज दुपारी जेवण उरकलं की फोनवर तीन इंग्रजी अक्षरं दाबायची. ए, एच, ओ. अहो. की फोनच्या पडद्यावर बाबांचा जुना कॉम्प्युटर उघडायचा आणि त्यातलं एखादं रेकॉर्डिंग ती लावायची.

बाबांची नोकरी खडकवासल्याला, धरणाच्या कचेरीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून एक रेकॉर्डर आणला आणि ते धरणाकाठच्या पक्ष्यांचे आवाज टिपायला लागले. त्यात पक्षी कमी आणि बाबाच जास्त, कारण पक्षी बोलायच्या आधी ते घरच्या सवयीनं म्हणायचे, “अगं, ऐकलंस का?”

त्या कॉम्प्युटरचं बारसं मी केलं. नेटवर्क सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला स्वतःचं एक नाव द्यावं लागतं, त्याला होस्टनेम म्हणतात. आमच्या ऑफिसात किल्ल्यांची नावं आहेत. सिंहगड बंद पडला की सगळा मजला बोंब मारतो. बाबांना विचारलं, तुमच्या मशीनचं काय ठेवू? तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, “अहो, पोहे गार होतायत!”

“हेच ठेव,” बाबा उठत म्हणाले. “या नावाला मी लगेच उठतो.”

आईनं त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नाही. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तरी ती माझ्याकडे बघायची. मला याचा भयंकर राग यायचा. कॉलेजात असताना मी तिला म्हटलं होतं, “एकदा नाव घेतलंस तर काय आभाळ कोसळणार आहे?” ती भाजी निवडत म्हणाली, “घ्यायला तू आहेस की.” तिच्यापुढे वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवसांसाठी मी तिला माझ्या फ्लॅटवर आणलं. घर बंद, बाबांचा कॉम्प्युटर मात्र तिथे चालूच ठेवला होता. दुसऱ्याच दुपारी ऑफिसात तिचा फोन आला.

“अगं, हे सापडत नाहीयेत.”

“म्हणजे?”

“अहो दाबलं. तर असं काही नाहीच म्हणतंय. पुसले गेले का गं?”

“आहेत गं. मी संध्याकाळी येऊन बघते.”

“अख्खं जग जोडलंय म्हणता, आणि एक माणूस सापडत नाही तुम्हाला?” तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी दार उघडलं तर ती काळा चष्मा लावून, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. “मला घरी सोड. मी इकडे आले आणि तिकडे सगळं गेलं.” डॉक्टरांनी काय बजावलंय ते ऐकवायला मी तोंड उघडलं होतं, पण तिच्या पायात चपलासुद्धा होत्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

“आई, आपल्या घरात ‘अहो’ म्हटलं की कोण उठायचं?”

“हे.”

“आणि लक्ष्मी रोडवर भर गर्दीत ‘अहो’ म्हणालीस तर?”

“पुण्यात? कुणी वळूनसुद्धा बघणार नाही.”

“तस्संच आहे हे. आपल्या घरच्या वायफायवर नुसतं ‘अहो’ पुरतं. माझ्या वायफायला ते कोण, ठाऊक नाही. बाहेरून हाक मारायची तर पूर्ण नाव लागतं. आधी अहो, मग डॉट, मग बाबांचं नाव आणि आडनाव, मग डॉट इन. मधलं नाव बाबांच्या साठीला मी त्यांच्यासाठी घेऊन ठेवलंय, त्याला डोमेन म्हणतात. शोधणारा शेवटाकडून शोधत येतो. आधी ‘इन’ म्हणजे देश, मग घर, मग त्या घरातले अहो.”

“म्हणजे आहेत?”

“आहेत. घरीच आहेत.”

तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

एवढं लांबलचक नाव त्या डोळ्यांनी टाइप होणं शक्य नव्हतं. फोनशी बोललं की तो लिहून घेतो, पण बाबांचं नाव उच्चारणं तिला जमणार नाही हे मी धरूनच चालले होते. “मी सोय करून देते. एक चित्र दाबायचं, की झालं.” मी फोन उचलला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

“पूर्ण नाव लागतं म्हणालीस ना? मग मी घेते.”

तिनं पदर सावरला, फोन तोंडाजवळ धरला आणि ती सुरू झाली, “धरणाच्या पाण्यावर पडलं चांदणं...” पुढे बाबांचं नाव, त्याला राव, आणि सुखाचं नांदणं. लग्नातला उखाणा अख्खाच्या अख्खा! फोननं इमानदारीत धरणातला आजचा पाणीसाठा दाखवला. आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला चष्मा काढून डोळे टिपावे लागले, जे डॉक्टरांनी साफ मना केलं होतं.

“आई, त्याला उखाणा कळत नाही. नुसतं नाव घ्यायचं.”

“नुसतं?”

तिनं दाराकडे बघितलं, जणू कुणी ऐकेल. मग हळू आवाजात म्हणाली, “अहो. डॉट.” आणि त्याच्यामागून बाबांचं नाव, आडनाव, डॉट इन. राव नाही, यमक नाही. आमच्या घरात इतकी वर्षं राहिलेलं ते नाव तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच मोकळं ऐकलं, आणि मला रडू आलं. ते इथे लिहिणार नाही मी. तो मान तिचा.

पडदा थोडा वेळ पांढराच राहिला. मग रेकॉर्डिंगची यादी आली, तिनं पहिलंच दाबलं. वाऱ्याचा आवाज आला, मागे पाणी, आणि बाबा.

“अगं, ऐकलंस का?”

“ऐकलं,” आई म्हणाली. “तुम्ही ऐकलंत का?”