जड हात, नाजूक सुई

"आधी ऐकू तर द्या," असं म्हणत डॉक्टर डावा तळहात पेशंटच्या तोंडासमोर धरायचे. उजव्या हातात स्टेथॉस्कोप, डोळे मिटलेले. इंदूरचा माणूस दुखणं सांगायला बसला की सुरुवात मागच्या लग्नातल्या जेवणापासून करतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. छातीवर स्टेथॉस्कोप टेकला तरी त्याचं सांगणं चालूच असे. तो तळहात समोर आला की मात्र गप्प व्हायचा.

मी त्यांचा कंपाउंडर होतो. तुकोगंजात रस्त्याच्या बाजूला दवाखाना आणि मागे त्यांचं राहतं घर. मी मिक्श्चरं तयार करायचो, पुड्या बांधायचो आणि पेशंटना नंबरानं आत सोडायचो. मध्य प्रदेश होऊन काही वर्षं झाली होती, पण राजधानी भोपाळला गेल्याचा राग आमच्या बाकांवर बसणाऱ्या मंडळींच्या मनातून उतरला नव्हता. नाडी दाखवताना ते भोपाळचं नाव काढायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "हे बोलू नका, ब्लडप्रेशर चुकीचं येतं."

छातीतला आवाज ओळखण्यात त्यांचा हात धरणारा शहरात विरळा. सियागंजातले एक किराणा व्यापारी होते, आम्ही त्यांना सेठजी म्हणायचो. त्यांच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही हे डॉक्टरांनी केवळ कानांनी ओळखलं होतं. तेव्हापासून सेठजी दर महिन्याला येत, सदरा वर करत आणि विचारत, "डाक्टरसाब, क्या बोल रहा है?" डॉक्टर म्हणत, "बेईमान है, सेठजी. लेकिन चल रहा है."

दुसरा नाद रेकॉर्डींचा. महूच्या छावणीतला एक फौजी अफसर बदली होऊन जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर विकून गेला होता, तो डॉक्टरांनी घेतला. मोठी जड थाळी आणि तिच्यावर फिरणारा तसाच जड लोखंडी हात. त्याला टोनआर्म म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. हाताच्या टोकाला एक छोटी डबी, तिच्यात सुई. त्या डबीला कार्ट्रिज म्हणायचं. रविवारी दुपारी जेवण झालं की डॉक्टर आरामखुर्चीत डोळे मिटून गाणं ऐकत. तेव्हा कोणी त्यांना हाक मारायची नाही, असा घरचा नियम.

एका हिवाळ्यात त्यांचा भाचा विलायतेहून आला आणि मामासाठी नवी कार्ट्रिज घेऊन आला. "मामा, याहून बेस्ट मिळत नाही," असं तो म्हणाल्याचं डॉक्टरांनी मला दोन-तीनदा सांगितलं. सोबतचा कागद वाचून त्यांनी ती स्वतः बसवली. सुईचा दाब किती हवा, तो काटा पाहून लावला. पेशंटला इंजेक्शन देतानाही मी त्यांना इतकं सांभाळून काम करताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काय झालं ते मला पुढे कळलं. त्या वेळी डोळ्यांना दिसलं ते एवढंच की डॉक्टर बदलले.

रविवारचं गाणं बंद पडलं. मी सोमवारी सवयीनं विचारलं, "काल काय ऐकलं साहेब?" तर म्हणाले, "वेळ नाही झाला." मग ते पेशंटला दोन-दोनदा तपासू लागले. एकदा टेकवून ऐकायचे, थांबायचे, पुन्हा टेकवायचे. छातीच्या तक्रारीचा पेशंट आला की चिठ्ठी देऊन पलीकडच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. सेठजींनाही तसंच पाठवू लागले तर सेठजी बाकावरून हललेच नाहीत. म्हणाले, "इतने बरस से आप सुन रहे हो, अब दूसरे को क्या नया सुनाऊँ?" डॉक्टर नुसते हसले आणि आत निघून गेले. त्या दिवशी सेठजींना न तपासताच घरी जावं लागलं.

होळीच्या सुमाराला त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. इतक्या वर्षांत कंपाउंडरला बसायला सांगायची वेळ आली नव्हती.

"वसंता, दवाखाना बंद करावा म्हणतो. तुझी सोय मी लावून देईन, काळजी करू नको."

"का साहेब? तब्येत बरी नाही?"

"तब्येत ठीक आहे. बस्स, झालं आता."

पन्नाशीचा माणूस. चष्मासुद्धा फक्त वाचायला लागायचा. मी डॉक्टरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना विचारलं, तर त्यांच्याच डोळ्यांत पाणी. "मला पण काही सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "जेवताना पण चुप. मी विचारलं तर म्हणतात, कुछ नहीं."

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी मला घरी बोलावलं. बैठकीत प्लेअरच्या शेजारी रेकॉर्डींची चळत दोरीनं बांधून ठेवलेली.

"हे सगळं तू घेऊन जा," ते म्हणाले. "तुझ्या पोरीला गाण्याची आवड आहे ना? मला आता याचा उपयोग नाही."

नाही म्हणावं तर ते दुखावतील, हो म्हणावं तर माझा हात पुढे होईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "साहेब, मला हे चालवता येत नाही. एकदा लावून दाखवा. सुई-बिई मोडली तर पंचाईत."

त्यांची इच्छा नव्हती. तरी दोरी सोडून त्यांनी वरचीच एक रेकॉर्ड काढली. एका गायिकेचा यमन होता. हात उचलायचा कसा, ठेवायचा कसा हे त्यांनी सांगितलं आणि सुई टेकवली. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तंबोरे सुरू झाले. गायिकेनं षड्ज लावला. लांबवलेला, संथ. तो ऐकताना मला गंमत वाटली. मला गाण्यातलं काही कळत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. म्हणूनच बहुतेक मी पटकन बोलून गेलो.

"साहेब, ही बाई होडीत बसून गातेय का?"

ते वळले. "काय म्हणालास?"

"नाही, आवाज हलतोय म्हणून म्हटलं. वरखाली, वरखाली. गाणं असंच असतं का?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण काहीतरी अडाण्यासारखं बोललो.

"तुला हलताना ऐकू येतंय?"

"हो की. तंबोरा पण घुमतोय, डबा वाजवल्यासारखा."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली. आवाज एवढा मोठा होता की वहिनी पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

"हे ऐक. आवाज हलतोय? खरं सांग."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "हलतोय ना. पहिल्या दिवसापासून हलतोय. मला वाटलं विलायती चीज आहे, तिचा आवाज असाच असेल. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मी पण नाही बोलले."

डॉक्टर आरामखुर्चीत बसले. चष्मा नव्हताच, तरी डोळ्यांवरून हात फिरवला. रेकॉर्ड फिरतच होती, गायिका होडीत बसून पुढे चालली होती. तिला थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

"मला वाटलं माझे कान गेले," ते शेवटी म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचे वडील संस्थानच्या फौजेत होते आणि पन्नाशीतच बहिरे झाले होते. लग्नकार्यात एका कोपऱ्यात बसायचे, कोणी काही बोललं की हसून मान हलवायचे, आणि लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायचे. ते लहानपणी पाहिलेलं डॉक्टरांच्या मनात घर करून होतं. नवी कार्ट्रिज लावल्यावर पहिल्याच रविवारी ओळखीचा षड्ज हलायला लागला. वस्तू उत्तम, बसवली काळजीनं, कागदाबरहुकूम. मग चूक कोणाची? कानाची. त्यात त्याच आठवड्यात सर्दी झाली, एका पेशंटचं बोलणं ऐकू आलं नाही, आणि त्यांची खात्रीच पटली.

"कानाच्या डॉक्टरला दाखवायचं होतं ना साहेब," मी म्हणालो.

"दाखवलं आणि तो हो म्हणाला असता तर?"

"निदान जुनी सुई परत लावून बघायची."

"जुनीवर पण तसंच ऐकू आलं असतं तर?"

लोकांना तपासून घ्या, तपासून घ्या म्हणणारा माणूस. वहिनींनी पिठाचा हात डॉक्टरांच्या खांद्यावर ठेवला तो कितीतरी वेळ काढला नाही. सदऱ्यावर पाच बोटं उमटली.

जुनी कार्ट्रिज टेबलाच्या खणात होती. डॉक्टरांनी ती बसवली, बारीक स्क्रू मी धरला. पुन्हा तोच यमन. तंबोरे, मग षड्ज. आणि तो जागचा हलला नाही. भिंतीला टेकून बसलेल्या माणसासारखा स्थिर. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वहिनींनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि चहा टाकला. आम्ही दोघं तिथंच उभं राहून प्यायलो.

आता त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. निदान सापडल्याशिवाय चैन पडेना. पुढच्या रविवारी मला बोलावून त्यांनी नवी कार्ट्रिज परत चढवली आणि या वेळी डोळे उघडे ठेवून पाहिलं. रेकॉर्ड उन्हाळ्यात जराशी वाकलेली होती, आमच्याकडच्या बहुतेक रेकॉर्डी तशा असतात. ती फिरली की हात नावेसारखा डोलत होता.

"हे बघ," ते म्हणाले. "नव्या सुईची स्प्रिंग मऊ आहे. तिच्यासाठी हात पण हलका पाहिजे. आपला हात लोखंडाचा. दाब बरोबर लावला म्हणून जडपणा थोडाच जातो? तांग्याच्या स्प्रिंगांवर मालगाडीचा डबा ठेवल्यासारखं झालं. एक खड्डा आला की डोलायला लागतो तो थांबतच नाही."

"मग जुनी चांगली?"

"जुनी ताठ आहे. तिला हा हात झेपतो. सुई पण वाईट नाही, हात पण वाईट नाही. जोडी वाईट."

सुई उचलून ठेवत म्हणाले, "आणि मी इतके दिवस डोळे मिटून बसलो होतो. उघडले असते तर दिसलंच असतं."

भाच्याला पत्र गेलं. पुढच्या फेरीत तो एक हलका हात घेऊन आला. त्यावर नवी सुई बसवली, आणि तोच यमन लावला. डॉक्टरांचे वकील मित्र तेव्हा हजर होते. त्यांचं मत असं की हे सगळे श्रीमंती चोचले आहेत, सुई ती सुई. डॉक्टर त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. नुसतं ऐकवलं. गायिका षड्ज लावायच्या आधी श्वास घेते, तो श्वास आम्हाला पहिल्यांदाच ऐकू आला. वकीलसाहेबांनी आपली खुर्ची प्लेअरजवळ सरकवली. मग खास इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, बाई खोलीत आली की."

दवाखाना अर्थातच बंद झाला नाही. सेठजींना मी स्वतः सियागंजात जाऊन निरोप दिला. ते दुसऱ्याच दिवशी हजर, येताना खजराण्याच्या गणपतीचा प्रसाद घेऊन. डॉक्टरांनी डोळे मिटून बराच वेळ त्यांची छाती ऐकली.

"सुन लिया?" सेठजींनी विचारलं.

"सुन लिया, सेठजी. वैसा ही बेईमान है."

सेठजींना एवढा आनंद झाला की त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना प्रसाद वाटला.

एक फरक मात्र राहिला. एखादी काटकुळी म्हातारी आली की डॉक्टर लिहिलेलं औषध पुन्हा वाचायचे, खोडायचे आणि मात्रा कमी करायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "औषध उत्तम आहे रे. पण हिच्यासाठी हात जड होतो."

पुढे खूप वर्षांनी, दवाखाना रीतसर बंद करून ते घरी बसल्यावर, त्यांचे कान खरोखरच गेले. मी भेटायला गेलो तेव्हा मला ओरडून बोलावं लागलं. मी आतून घाबरत होतो, की आता हे कसे सावरतील. ते हसून म्हणाले, "आता खरंच गेले, वसंता. पण या वेळी मी सगळ्यांना विचारून खात्री करून घेतली."

भीती त्यांनी आधीच भोगून संपवली होती. बहिरेपणा आला तो पाहुण्यासारखा आला आणि त्यांनी त्याला खुर्ची दिली. ते लग्नकार्यांना जायचे तेव्हा कोपऱ्यात बसायचे नाहीत. मधोमध बसून जो भेटेल त्याला "जोरात बोल" म्हणायचे.

सकाळी वहिनी त्यांना ओसरीवर पेपर वाचून दाखवायच्या. एवढ्या मोठ्यानं, की अर्ध्या गल्लीला बातम्या फुकट मिळत. दूधवाला फाटकाशी सायकल टेकवून क्रिकेटचा स्कोअर ऐकायचा आणि मगच पुढे जायचा. भोपाळची बातमी आली की डॉक्टर हात करून म्हणायचे, "पुढची."

ते गेल्यावर वहिनी पेपर मनातल्या मनात वाचू लागल्या. दूधवाला काही दिवस सवयीनं फाटकाशी थांबला. ओसरीकडे पाहायचा, थोडी वाट बघायचा, आणि मग हळूच सायकलवर टांग टाकायचा.