धनुबाईंच्या आठ कुंड्या

"मी चाळीस वरीस वावरमा पानी भरं, पन झाडनी तहान माले चौथा मजलावर समजनी," असं धनुबाई एकदा म्हणाल्या होत्या. ऐकणारे हसले. धनुबाई हसल्या नव्हत्या.

त्या मूळच्या रनाळ्याच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन कळसाडीला आल्या. नवरा साखर कारखान्यावर कामाला, म्हणून उसाला आणि कापसाला पाणी भरणं त्यांच्याच वाट्याला आलं. हातात फावडं, लुगड्याचा काष्टा, पाय पोटरीपर्यंत चिखलात. सरीच्या टोकाला पाणी चमकलं की इकडचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. ती चमक म्हणजे जमिनीचा होकार. तिच्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

मग नवरा गेला, गुडघे गेले, शेत पुतण्याच्या हाती गेलं. मुलगा योगेंद्र त्यांना नंदुरबारला आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी घेऊन आला. येताना त्यांनी फारसं काही आणलं नाही. एक कापडी पुडी तेवढी आणली. तिच्यात वांग्याचं बी होतं, भरताच्या हिरव्या वांग्याचं. सासूबाई नानीबाईंनी ते राखलं, त्यांच्यामागे धनुबाईंनी राखलं. भाजल्यावर या वांग्याची साल लुगड्याची घडी सुटावी तशी सुटते. पुतण्या आता रोपवाटिकेतून रोपं आणतो. म्हणजे ते बी कळसाडीत उरलं नव्हतं. ते फक्त त्या पुडीत होतं, आणि पुडी चार वर्षांची झाली होती.

"आई, गॅलरीत लावा ना," सून रुचिका म्हणाली आणि तिने मोबाइलवरून काळ्या जाड कापडाच्या नऊ कुंड्या मागवल्या. वजनाला हलक्या, दोन्ही बाजूंना धरायला कान. अख्खी पुडी पेरली तेव्हा नऊ रोपं आली. बाकीचं बी मातीत निजलं ते निजलंच.

माघात झाडांना फळं धरली. बियांसाठी ठेवलेलं वांगं हिरवं असताना तोडून चालत नाही. ते झाडावरच पिवळं पडावं लागतं, जून व्हावं लागतं. फाल्गुन लागला तरी अजून सव्वा महिना हवा होता.

आणि तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या रंजनाबाईंनी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले.

रंजनाबाई निवृत्त शिक्षिका. ज्वारी भिजवून, कांडून, शिजवून, पहाटेपासून खपून त्यांनी गॅलरीत खाटेवर पांढरं धोतर अंथरलं आणि त्यावर सत्तर बिबडे थापले. अकराच्या सुमारास वरून काळं पाणी पडलं. आधी थेंब, मग धार. रंजनाबाई जिना चढून आल्या त्या चिखलाचे डाग पडलेला एक बिबडा हातावर घेऊनच. राग आला की त्या शाळेतली मराठी बोलत.

"धनुबाई, हे काय आहे? सांगाल का मला?"

"बिबडा."

"बिबडा आहे हे मलाही दिसतं! त्याच्यावर काय आहे?" आणि मग मराठी संपली. "तुन्हा कुंडीस्ना गारा, चिखल शे हाऊ! सत्तर बिबडास्ना सत्यानाश करा तू!"

धनुबाईंनी मान खाली घातली. चूक त्यांची होती आणि ती त्यांना दिसत होती. त्या कुंडीत तांब्यामागून तांब्या ओतत, खाली पाणी चमकेपर्यंत. चमकलं की पुढची कुंडी.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष दिलवरसिंग आले. चांगला माणूस, पण भांडण मिटवण्याचा त्यांना एकच मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे नियम करणं. "मावशी, रविवारी मीटिंग शे. कापडी कुंडी कोणीच ठेवानी नही, असा ठराव ली ऱ्हायनूत. दुसरीकडे ठेवू म्हनं ते गच्चीवर सोलर बसेल शे, खाले बकऱ्या येतस. मंग काय करवा?"

"सव्वा महिना द्या, बापू."

"एक थेंबबी पडना ते रंजनाबाई मन्हं डोकं खाई टाकतीन."

ते गेले. धनुबाई गॅलरीत बसून राहिल्या. ऊन सरकत होतं. पाण्याने ओलीचिंब झालेली फरशी होती, आणि तिच्यावर झाडांच्या माना पडलेल्या होत्या. हे दोन्ही एका वेळी कसं असू शकतं? इतकं पाणी आणि इतकी तहान. एक झाड तर सकाळीच गेलं होतं. धनुबाईंनी ती कुंडी आडवी केली, माती बाहेर ओढली आणि मधोमध बोट घातलं.

आत पीठ होतं. कोरडं, उन्हासारखं गरम पीठ.

त्यांनी कुंडीच्या कडेला पाहिलं. वाळलेली माती आकसून कापडापासून सुटली होती, बोटभर फट पडली होती. पाणी त्या फटीतून सरळ खाली जात होतं. मातीला ते भेटतच नव्हतं. आणि धनुबाई खालची चमक पाहून झाडाचं पोट भरलं म्हणत होत्या. चाळीस वर्षं ज्या खुणेवर त्या जगल्या, ती खूण इथे खोटं बोलत होती. असं कळणं सोपं नसतं. त्यांनी मेलेलं झाड मांडीवर घेतलं, मुळांची माती झटकली.

मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. भाकरी करायची वेळ झाली होती. परातीत पीठ घेतलं, पाण्याचा हबका मारला, आणि हात थांबला. कोरड्या पिठात एकदम तांब्या उपडा केला तर पाणी कडेने पळतं, गोळा होत नाही. आधी थोडं शिंपायचं, पिठाला ओळख पटू द्यायची, मग पुढचं. हे त्यांना वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत होतं.

"रुचिका," त्या म्हणाल्या, "भाकरी तू टाक."

त्या संध्याकाळी त्यांनी उरलेल्या आठही कुंड्यांच्या फटी बोटांनी माती दाबून बुजवल्या. वर शेंगांची टरफलं पसरली. तळाशी विटांचे तुकडे आणि त्याखाली घरातली ताटं.

"आई, पाहुणे आले तर जेवायला?" योगेंद्र म्हणाला.

"पत्रावळ आन."

पहिल्यांदा कुंडीला नुसता शिपका. मग आठवी कुंडी होईपर्यंत पहिलीला वाट पाहायला लावायची. दुसऱ्या फेरीला अर्धा तांब्या, मधोमध, कडेला नाही. पुन्हा फेरी. तिसऱ्या वेळी आधी दोन्ही कान धरून कुंडी उचलून बघायची. जड लागली तर पुरे, हलकी लागली तर आणखी अर्धा. गुडघे कुरकुरत, पण लहान लेकरू कडेवर घेतलं की ते जेवलंय की नाही हे जसं कळतं, तसं हाताला कळायला लागलं. ताटात चार थेंब उतरले तर तासाभरात ते परत कुंडीत.

तिसऱ्या दिवशी झाडांनी माना उचलल्या. चौथ्या दिवशी रंजनाबाईंनी मुद्दाम नवे बिबडे घातले, त्याच खाटेवर, त्याच जागी, आणि खुर्ची टाकून वर बघत बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. एकही थेंब नाही. एका वाजता त्या वर आल्या.

"पानी देस का नही? का मारी टाकं झाडंस्ले?"

"बस. देखी ले."

रंजनाबाई एक फेरी बसल्या, दुसरी बसल्या. तिसरीला त्यांनी स्वतः एक कुंडी उचलून पाहिली. "जड शे," त्या पुटपुटल्या, पण तक्रार मागे घेते असं काही म्हणाल्या नाहीत.

रविवारी तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत वीसेक माणसं जमली. ठराव लिहून तयारच होता. दिलवरसिंग वाचायला लागले, "कापडी कुंड्या गळतात हे सिद्ध झाल्यामुळे..." आणि दारातून धनुबाई आत आल्या. कडेवर वांग्याची कुंडी, दुसऱ्या हातात तांब्या. मागून योगेंद्र दोन विटा घेऊन.

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, विटा मांडल्या, विटांवर कुंडी ठेवली आणि पाणी द्यायला लागल्या. शिपका. मग थांबल्या. वीस माणसांना एका झाडासाठी गप्प बसायची सवय नव्हती. कोणीतरी खोकलं. दुसऱ्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, "मावशी, चहा सांगू का? रातपावत चाली हाई."

दुसरी फेरी. थांबणं. तिसरी. त्यांनी कान धरून कुंडी किंचित उचलली, खाली ठेवली, आणि हात काढून घेतला. तांब्यात पाणी उरलं होतं.

"हाई चालाव नही!" तोच माणूस उठला. "आखा तांब्या वता. आर्धा तांब्याले कोनबी गळू देत नही."

धनुबाईंनी तांब्या त्याच्यासमोर ठेवला. "झाडनं पोट भरनं. तुमले तहान लागनी व्हई ते प्या."

खोलीत हशा फुटला. दिलवरसिंगांचा चष्मा हसता हसता नाकावरून घसरला. तो माणूस लाल झाला, आणि काय करावं ते न सुचून खरंच दोन घोट प्यायला.

मग रंजनाबाई पुढे आल्या. हसणं थांबलं, कारण खरा निकाल त्यांच्याकडेच होता. त्यांनी पदर खोचला, वाकून कुंडीच्या तळाखालून हात फिरवला, मग वर्तमानपत्रावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मुलांची वही तपासावी तसा. तळवा सगळ्यांना दाखवला. कोरडा.

"अध्यक्ष महाशय," त्या शाळेच्या मराठीत म्हणाल्या, "कागद कोरा आहे. माझी तक्रार मी मागे घेते. आणि तो ठराव फाडा. नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात."

दिलवरसिंगांनी ठरावाचा कागद चार वेळा दुमडून खिशात घातला. "फाडा म्हनस ना मी?" रंजनाबाई म्हणाल्या. दिलवरसिंगांनी तो काढून फाडला. मागच्या खुर्च्यांवर टाळ्या सुरू झाल्या. योगेंद्रला आईकडे बघवेना, डोळे भरून आले होते. "मावशी, आते दोन शब्द बोला," दिलवरसिंग म्हणाले. "आमनाबी गॅलरीस्मा लावाले शिकाडा."

टेबलावरच्या झाडाला पानांआड एक वांगं होतं. देठाकडून त्याचा हिरवा रंग हटायला लागला होता, पिवळी छटा चढत होती. धनुबाईंनी ते बोटाने किंचित वर उचलून पाहिलं. मग दोन्ही कान धरून कुंडी उचलली, कडेवर नीट बसवली, आणि टाळ्या चालू असतानाच त्या दाराबाहेर पडल्या.