उशीखालचा पेढा

हार्ट अटॅकनंतर वाशिमच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर किन्हीराजा गावचा एक पेशंट होता. त्याची बायको भेटायला येणाऱ्यांना त्यांनीच आणलेली बिस्किटं खायला लावायची.

डॉक्टर मला म्हणाले, "शुगर फार वाढलीय. हृदयाला किती इजा झाली ते सांगणारा रक्तातला आकडाही चढतोय."

"गोड मी खातच नाही," मी साळसूदपणे म्हणालो.

डॉक्टर वळताच त्या बाईने माझ्या उशीखालून पेढा काढला. "काहो भाऊ, हा काय उशी खाऊन राह्यली?"

मी उशी सारखी करू लागलो.

"आमच्या यायनंबी असंच लपवलं. पाहा, नळ्या लागल्या."

पेढा तिने मला भेटायला आलेल्या मेव्हण्याला खाऊ घातला. दोन दिवसांनी माझे दोन्ही आकडे उतरले, तेव्हा तिने नवऱ्याला हलवून सांगितलं, "आयकलं का? शेजारचे भाऊ सुधरून राह्यले. आता तुमचा नंबर."

तिचं नाव विचारायचं राहिलं. घरी अजूनही पेढा लपवायला उशी उचलतो, आणि निमूट परत ठेवतो.