टाचे मारण्याआधी

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागे. सगळे त्याला पाणसळ म्हणत. गवंड्याच्या हातात पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी असते ना, जमीन सपाट आहे की नाही ते सांगणारी, तीच. धंदाही तोच. फरशी बसण्याआधी खालचा कोबा तयार करायचा. सिमेंटची जुनी जमीन सळईने ठोकत कुठे पोकळ वाजतं ते शोधायचं, पोकळ भाग फोडून काढायचा, तेलाचे डाग खरवडायचे, भेगा भरायच्या आणि वर नवा थर ओढून सगळं एका पातळीत आणायचं. मग फरशीवाला येणार, दोन दिवसांत सगळं झाकणार, आणि घरवाले म्हणणार, वा, काय काम केलंय. कुणाला म्हणणार? फरशीवाल्याला. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

बरं, नुसतं सपाट करून सोडेल तर तो पाणसळ कसला. थापी फिरवून फिरवून कोबा असा गुळगुळीत करायचा की कुणी पाय ठेवायला कचरावं. खिशातली काचेची गोटी खोलीच्या मधोमध ठेवायची, ती जागची हलली नाही की स्वतःशीच मान डोलवायची. आणि कोबा पक्का झाला की छिन्नी-हातोडा घेऊन त्याच्यावरच टाचे मारायचे, म्हणजे बारीक खाचा पाडायच्या, कारण गुळगुळीत जमिनीवर फरशीचा मसाला धरत नाही. बायको म्हणायची, "मुळात खडबडीतच ठेवा की. कुणी सांगितलाय हा उपद्व्याप?" तो म्हणायचा, "हात थांबत नाही." जित्याची खोड, ती काय सांगून जाते होय.

बाईंच्या घरी नेमकी हीच खोड नडली. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या आणि शब्दाच्या पक्क्या. त्यांच्याकडे फरशी बसवायचं काम मिळालं होतं पाणसळच्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला. अकरा वर्षं एका ठेकेदाराच्या हाताखाली काढून, शेवटी 'पुन्हा तुमची पायरी चढणार नाही' असं त्याला तोंडावर सांगून तो बाहेर पडला होता. स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलंच काम. हे गेलं की मुकाट्याने मान खाली घालून तीच पायरी चढायची. म्हणून पाणसळने या कोब्यात जरा जास्तच जीव ओतला होता.

टाचे मारायच्या दिवशी तो छिन्नी घेऊन पोचला, तर बाई दारातच उभ्या. आत खोलीच्या मधोमध गोटी होती. आदल्या दिवशी तो ती उचलायला विसरला होता.

"कालपासून ही इथेच आहे," बाई म्हणाल्या. "मी खिडक्या उघडून पाहिल्या, दार आपटून पाहिलं. हलत नाही. इतकं चोख काम मी आजवर पाहिलं नाही."

सव्वीस वर्षांत त्याच्या कोब्याकडे बघून असं कुणी बोललं नव्हतं. खोटं कशाला सांगा, घटकाभर त्याला मेहुण्याचाही विसर पडला.

"मी ठरवलंय," बाई पुढे म्हणाल्या. "हे झाकायचं नाही. मी कोबा असाच ठेवणार. फरशीची खोकी दुकानात परत जातील. तुमच्या मेहुण्यांना सांगा, येण्याची गरज नाही."

घ्या. कौतुक आलं तेही असं, घरच्याच माणसाच्या मुळावर.

"बाई, त्याचं पहिलंच काम आहे हो," तो म्हणाला.

"काम गरज असेल तर द्यायचं, दया म्हणून नाही. शाळेतही मी कुणाला दयेचे मार्क दिले नाहीत."

आता यात बाईंचं काय चुकलं, सांगा. पाणसळलाही काही सापडेना. त्याने एकदा कोब्याकडे नीट पाहून घेतलं.

"दिसतं तसं नसतं, बाई," तो म्हणाला. "वरच्या थरात सिमेंट कमी घातलंय. रोज वावरलात की सहा महिन्यांत भुकटी उडायला लागेल."

"कमी? कुणी घातलं?"

"मीच."

"का?"

"वर फरशी बसते ना. फरशीखाली चालून जातं. कोण बघतंय?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतका वेळ आपण कुणाचं कौतुक करत होतो याचीच त्यांना लाज वाटत असावी. "मारा तुमचे टाचे," त्या म्हणाल्या, "आणि परत या घरात येऊ नका."

त्याने गोटी खिशात टाकली आणि गोटी होती तिथेच पहिला टाचा मारला. त्या दिवशी टाचे जरा खोल गेले.

फरशी सुरेख बसली. बसणारच, खालची जमीन तशी होती. बाईंनी मेहुण्याचं तोंडभर कौतुक केलं आणि मैत्रिणीचं चार खोल्यांचं घर त्याला मिळवून दिलं. अट एकच होती, कोब्याला तो माणूस नको.

मेहुणा ही बातमी घेऊन बहिणीकडे आला. चहा निम्मा झाल्यावर म्हणाला, "दाजी, राग मानू नका. पण सिमेंट चोरायचं, तेही माझ्या पहिल्या कामात?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?" सव्वीस वर्षांच्या संसारात तिला त्याची लाज वाटायची ही पहिलीच वेळ.

एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. पण मग पोराला सांगावं लागलं असतं, की बाबा रे, तुझं पहिलं काम हातचं गेलंच होतं, मी खोटं बोलून ते वाचवलंय. पोरगा तर नव्या कामाच्या आनंदात होता.

"झालं खरं तसं," पाणसळ म्हणाला. मग खिशातून गोटी काढून त्याने मेहुण्यापुढे धरली. "नव्या माणसाचा कोबा झाला की मधोमध ही ठेवून बघ. हलली तर फरशी बसवू नकोस."

मेहुण्याने गोटी घेतली नाही. समजावणीच्या सुरात म्हणाला, "सपाट तर तुमचाही होता, दाजी. आत काय घातलंय ते गोटीला कुठे कळतं?"

"तेही खरंच," पाणसळ म्हणाला, आणि गोटी परत खिशात ठेवली.