शामरावमामा आणि चांदणीची टेस्ट

माझे मामा गेले.

काल दुपारी मोहगावच्या घरी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. प्रकाशदादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोन केला.

बातम्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर तोंडातून तेच निघालं, "नक्की?"

दादा म्हणाला, "डॉक्टर येऊन गेले."

मग मी खुर्चीत बसलो.

पण आज रडकं लिहिणार नाही. चांदणीच्या टेस्टची गोष्ट लिहितो. मामा ती स्वतःच सगळ्यांना सांगत आणि सगळ्यांत आधी हसत.

शामरावमामा म्हणजे मोहगावचे दूधवाले. सायकलला दोन कॅन, आणि आयुष्यभराची एकच घमेंड: दुधात पाण्याचा थेंब नाही.

कुणी गमतीत म्हटलं, "शामराव, आज दूध पातळ लागलं," तर दुसऱ्या दिवशी त्या दारासमोर सायकल थांबत नसे.

चांदणी ही मामींची गाय. ती लहान असतानाच तिची आई मेली. मामींनी बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलं.

गेल्या वर्षी चांदणी गाभणच राहीना. दोनदा रेतन करून भरवली, दोन्ही वेळा फुकट.

तिसऱ्यांदा भरवली तेव्हा मामांनी जाहीर केलं, "आता नाही राहिली त सौसरच्या बाजारात नेतो. खाली गाय कुठवर पोसाची?"

त्या दिवशी मामींच्या भाजीत मीठ नव्हतं.

त्याच सुमारास पांढुर्ण्याला गाईम्हशीवाल्यांचं एक शिबिर झालं. मामा तिथून टेस्ट शिकून आले.

एका ताटलीत गाईच्या मुतात गहू भिजवायचे, दुसऱ्या ताटलीत साध्या पाण्यात. मुतातले गहू उगवले तर गाय खाली, म्हणजे गाभण नाही. नाही उगवले तर बहुतेक गाभण.

हा नुसता अंदाज, खात्री डॉक्टरच करणार, असंही तिथं सांगितलं होतं. मामांनी ते 'बहुतेक' पांढुर्ण्यातच सोडलं.

मी तेव्हा सुट्टीवर मोहगावला होतो. कापूस वेचणीचे दिवस.

सकाळी उठून पाहतो तर मामा बादली धरून चांदणीच्या मागे उभे. चांदणी निवांत रवंथ करतेय.

मामी चुलीपासून ओरडल्या, "तिच्यामागं जेवढे उभे राहून राहिले, तेवढे कधी माह्यामागं राहिले असते त काय झालं असतं?"

"तू कुठं गाभण हायेस?"

"बाप्पा! भाचा बसला हाय समोर, जरा त लाज ठेवा!"

शेवटी चांदणीनं कृपा केली. अर्धी बादलीत, अर्धी मामांच्या धोतरावर.

ताटल्या खिडकीत ठेवल्या. काही दिवसांत पाण्यातले गहू हिरवे झाले. मुतातले काळे पडले, एकालाही कोंब नाही.

"पॉझिटिव्ह!" मामा अंगणातून ओरडले.

त्या दिवशी दुधाबरोबर दारोदार बातमी गेली. चांदणी गाभण हाय. टेस्ट केली हाय. घरी.

मामींनी चांदणीला गूळ चारला. मग मलाही दिला.

पुढच्या आठवड्यात गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले. तरुण, हसतमुख माणूस. मामांनी त्यांना ताटल्याच दाखवल्या.

"वा शामरावजी! पाणी किती टाकलं?"

"कशात?"

"मुतात. चार-पाच पट तरी पाणी टाकाचं राहते ना. शिबिरात सांगितलं होतं."

मामा ताठ झाले.

"डॉक्टरसाब, जनमभर दुधात पाणी नाही टाकलं. आता मुतात भेसळ करू?"

डॉक्टर तिथेच ओट्यावर बसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, नुसत्या मुतात कोणताही गहू मरते. बैलाचं घ्या, तरी टेस्ट पॉझिटिव्ह येईन!"

आम्ही सगळेच हसलो. मामा सोडून.

मग डॉक्टरांनी लांब हातमोजा चढवला आणि चांदणीला तपासलं.

"खाली आहे."

हसणं थांबलं. मामी आत निघून गेल्या.

बाजाराच्या दिवशी मामींनी स्वतः चांदणीला धुतलं. दावं सोडलं आणि मामांच्या हातात दिलं.

मामा फाटकापर्यंत गेले. तिथे बराच वेळ उभे राहिले. चांदणी कुंपणाची पानं खात होती.

मग दोघंही परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"भाचेसाहेब, अख्ख्या मोहगावले सांगून बसलो, गाभण हाय म्हणून. आता खाली म्हणून विकली त लोक काय म्हणतीन? दूधवाला खोटं बोलते?"

"मग?"

"मंग काय! डॉक्टरले फोन लाव. पुन्हा भरवू. माहा शब्द खरा झाला पाह्यजे."

मामी दारातून म्हणाल्या, "तुमचा शब्द खरा कराले तिनं वासरू द्यावं?"

"हो, द्यावं!"

मामी पदर तोंडावर धरून हसत होत्या. दावं त्यांनी कधी परत घेतलं, ते मामांना कळलंही नाही.

चांदणी चौथ्यांदा भरवली. या वेळी ताटली नाही, गहू नाही. अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून सांगितलं: गाभण.

मामांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा दारोदार सायकल थांबवली.

"म्या सांगतलं होतं ना? फक्त थोडं लवकर सांगतलं."

मामा, तुमच्या हातचं दूध पिऊन वाढलेल्या या भाच्याचा तुम्हाला शेवटचा जय भीम.

रविवारी मोहगावला घरीच मामांच्या स्मरणात पुण्यानुमोदनाची वंदना आहे. चांदणी पोळ्याच्या आधी व्यायेल, असं गुरांच्या डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात पुन्हा पाहून सांगितलं.

मामींनी गोठ्यात खाट टाकली आहे. प्रकाशदादा म्हणाला, "आई, घरात चल, माणसं येऊन राहिली."

मामी म्हणाल्या, "त्यांले इकडंच पाठव. हिचे दिवस भरले हायेत, मले इथंच बसू दे."