रॉकेल कुणी नेलं

मुख्तारला संशय घ्यायला कारण लागत नसे. दूध पातळ लागलं की गवळ्यावर, पंखा हळू फिरला की गारखेड्यातल्या शेजाऱ्यावर. बायको अजरा कपाळाला हात लावायची.

तो चितेगावच्या एका कारखान्यात होता. तिथं जुनी चुंबकं आम्लात विरघळवत. त्या पाण्यात औषध मिसळलेलं रॉकेल घालून यंत्रानं घुसळलं की ते रॉकेल पाण्यातला महागडा धातू ओढून घेई. मग निवळू द्यायचं. खालचं पाणी सांडपाण्याच्या टाकीत, वरचं रॉकेल धातू काढून पुन्हा कामाला. सकाळची पाळी मुख्तारची, दुपारची आप्पासाहेबांची. पाळी बदलताना दोघं एका डब्यात जेवत.

एकदा आप्पांच्या पाळीत धातू जास्त निघाला. झालं! आप्पा चोरून घुसळणी वाढवतो, असं मुख्तारच्या डोक्यात बसलं आणि त्यानंही गुपचूप वेग वाढवला. थोड्याच दिवसांत रॉकेल कमी भरू लागलं.

"आप्पाच्या शेतात इंजिन हाय, मॅडम. तेल कुठून येतंय, तुम्हीच बघा," तो कारखान्याच्या इंजिनिअर विशाखा मॅडमच्या कानाला लागला.

फाटकावर सगळ्यांदेखत आप्पांची पिशवी उलटी केली. भाकरी, ठेचा, बीपीच्या गोळ्या. आप्पांचा चेहरा कोळशासारखा झाला. तरी मुख्तारला वाटलं, पक्का आहे, आज सोबत आणलं नसेल.

मॅडमनी मग सांडपाण्याची टाकी उघडली. वर रॉकेलचा जाड तवंग.

"घुसळणी फार जोरात झाली की थेंब इतके बारीक होतात, निवळताना वेळेत वर येत नाहीत. पाण्याबरोबर निघून जातात आणि इथं येऊन सावकाश तरंगतात. वेग कुणी वाढवला?"

आप्पांनी यंत्राला हात लावला नव्हता. त्यांच्या वाट्याला चांगली चुंबकं आली होती, एवढंच. पण नजरा सगळ्या त्यांच्यावर. गप्प राहिलं तर आप्पांची नोकरी जाणार, हे मुख्तारला कळत होतं.

"मी, मॅडम. आप्पाचा काय कसूर नाय."

आठ दिवस त्याला घरी बसवलं. परतला त्या दुपारी त्यानं डबा उघडून आप्पांची वाट पाहिली. आप्पा आले. जन्मभर अरे-तुरे करणाऱ्या माणसानं बसण्याआधी आपली पिशवी टेबलावर रिकामी केली.

"बघून घ्या, मुख्तारभाई. मंग जेवू."